न लागलेले दिवे

तुषार आजोबांना औषधाच्या डबीवरची मुंगीच्या पायाएवढी अक्षरं चष्म्याशिवाय वाचता येत. पण ताटात डाव्या बाजूला वाढलेली चटणी त्यांना दिसत नसे. जेवायला बसलं की ते विचारत, "आज चटणी नाही केली?" आजी नुसतं ताट अर्धं फिरवी. चटणी उजवीकडे येई. मग आजोबा म्हणत, "हां, आहे की."

त्यांच्या नातीला, केतकीला, हे कोडं बरेच दिवस छळत होतं. ज्याला मुंगीचा पाय दिसतो, त्याला चटणीचा डोंगर कसा दिसत नाही? तिने विचारलं तेव्हा आजोबांनी असा शोध लावला की चटणी आधी तिथे नसतेच, आजी ती मागाहून गुपचूप वाढते. शास्त्रज्ञ माणूस पुराव्याशिवाय बोलत नाही असं म्हणतात. पण जेवणाच्या वेळी शास्त्रज्ञांना सुट्टी असावी.

गोष्ट २०६३ सालची, सांगलीतली. त्या काळी आजी-आजोबांची नावं तुषार, स्वप्नील, प्रियांका अशी जुन्या वळणाची, भारदस्त असत. डॉ. तुषार आरवाडे हे भिंगशास्त्रज्ञ. त्यांनी बनवलेल्या भिंगांतून उपग्रह पृथ्वीकडे बघत. पुढे त्यांना मोतीबिंदू (डोळ्यातलं नैसर्गिक भिंग गढूळ होणं) झाला, तेव्हा त्यांनी स्वतःच्याच हातची दोन भिंगं डोळ्यांत बसवून घेतली होती. त्यामुळे "माझे डोळे" म्हणताना त्यांच्या आवाजात जो अभिमान असे, तो इतर माणसांना नुसत्या डोळ्यांबद्दल वाटणं शक्य नव्हतं.

या डोळ्यांवर सध्या केतकीची एक मोठी आशा टांगलेली होती. आजोबांकडे एक हवासायकल होती. पुढे चालवणाऱ्याची जागा, मागे एकाची. पायडल मारलं की चार पंखे फिरत आणि सायकल नारळाच्या झाडांच्या वरून जाई. मागे बसायला वयाची अकरा वर्षं पूर्ण असावी लागत. केतकीला अकरावं वर्ष येत्या महिन्यात पूर्ण होणार होतं, आणि त्या दिवशी आजोबा तिला कृष्णेवरून हरिपूरच्या संगमापर्यंत नेणार होते. वर्गात तिने हे सगळ्यांना सांगून टाकलं होतं, म्हणजे आता माघार नव्हती.

अडचण एकच. सत्तरीनंतर हवासायकलीचा परवाना टिकवायचा तर दरवर्षी नियमित आरोग्य तपासणी लागे, आणि नुकतीच सत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी ती कधीच केली नव्हती. "मला काही होत नाही, तर तपासायचं काय?" असा त्यांचा बिनतोड सवाल होता. आजी मात्र दरवर्षी न चुकता जाऊन येई: रक्तदाब, साखर, हाडं, कान, डोळे, सगळं. तिला कोणी कारण विचारलं तर ती म्हणे, "शेगडी दरवर्षी सर्व्हिसिंगला देतो ना आपण? मी काय शेगडीपेक्षा स्वस्त आहे?"

तपासणी करायला त्यांच्या सदाफुली सोसायटीत एक यंत्रमानव येत असे. त्याचं सरकारी नाव इतकं लांब होतं की ते पूर्ण होईपर्यंत एखादा ज्येष्ठ नागरिक आणखी ज्येष्ठ झाला असता. लोक त्याला भाऊसाहेब म्हणत, कारण तो सरकारी होता, पिशवी घेऊन येई आणि त्याच्या शिक्क्यावाचून कोणाचं काम होत नसे.

आता सदाफुलीतल्या ज्येष्ठांचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. ही सगळी माणसं लहानपणापासून परीक्षा देत मोठी झालेली. समोर तपासणी आली की त्यांना ती परीक्षाच वाटे, आणि परीक्षा म्हटली की पास व्हायचं असतं एवढंच त्यांना ठाऊक. शिवाय ज्येष्ठ नागरिक संघाचे अध्यक्ष होते स्वप्नील मोहिते सर. त्यांनी चाळीस वर्षं कोचिंग क्लास चालवलेला. निवृत्त झाल्यावर शिकवायला मुलं उरली नाहीत, म्हणून त्यांनी म्हातारे घेतले. भाऊसाहेब यायच्या आधी आठ दिवस त्यांची खास बॅच चाले. आठ दिवस जिलबी बंद, मीठ बंद, पहाटे चालणं. डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ. तपासणी झाली की त्याच संध्याकाळी सोसायटीच्या क्लबात भजी तळली जात. सदाफुलीचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागे, आणि तरीही तिथली माणसं मधूनच का आजारी पडतात, हे कोणालाच कळत नसे.

दृष्टिक्षेत्राची चाचणी मात्र सरांना जड जात होती. दृष्टिक्षेत्र म्हणजे मान आणि डोळा न हलवता एका वेळी जेवढा प्रदेश दिसतो तेवढा. त्यासाठी भाऊसाहेब एक मोठी पांढरी, अर्धगोल वाटी उघडत. तिच्या काठावर हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या दिव्याकडे टक लावायची, आणि वाटीत इकडेतिकडे कुठेही अंधूक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. दिवे कुठे लागतील ते दरवेळी वेगळं. पाठ करणार काय? पण सरांनी दोन वर्षं कान लावून अभ्यास केला आणि त्यांना गेस सापडला. प्रत्येक दिव्याबरोबर टिक असा आवाज होई, आणि दिवे कुठेही लागोत, ते ठरावीक लयीत लागत होते. मध्य लयीतला त्रिताल.

केतकी तबला शिकत होती. पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. संपूर्ण आठवडा ती ठेका धरी आणि आजोबा हातात पंख्याचा रिमोट घेऊन प्रत्येक मात्रेला बटण दाबत. घरातला पंखा बिचारा वेडापिसा झाला. आपण काही चूक करतोय असं केतकीला वाटलं नाही. आजोबांना दिसतं तर सगळंच. मग थोडी तयारी केली तर बिघडलं कुठे?

रविवारी सकाळी क्लबात वाटी उघडली. आजोबांनी हनुवटी टेकवली. केतकी जवळच्या बाकावर आजीशेजारी बसून मांडीवर बोटांनी ठेका देत होती. टिक, टिक, टिक. आणि प्रत्येक टिकला आजोबांचं बटण. एक मात्रा चुकली नाही. दोन्ही डोळे झाल्यावर आजोबांनी विजयी चेहऱ्याने मान वर केली.

भाऊसाहेब म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपल्याला लागलेले सगळे दिवे दिसले. न लागलेलेही दिसले."

मोहिते सर खोकले.

भाऊसाहेबांनी शांतपणे समजावलं. ते मध्येच नुसता टिक आवाज करतात आणि दिवा लावतच नाहीत. ज्याला खरंच दिसतंय तो अशा वेळी बटण दाबत नाही. "आपण अशा प्रत्येक वेळी दाबलं. लय उत्तम होती. शेवटी तबलजीसारखी तिहाईसुद्धा आली. फक्त हा डोळ्यांचा निकाल नाही, हातांचा आहे."

केतकीची मांडीवरची बोटं तिथल्या तिथे थांबली. आजोबांचे कान लाल झाले होते, आणि कान लाल झाले की आजोबा वाद घालत. पुन्हा चाचणी देण्याची गरजच नाही, असं त्यांनी जाहीर केलं. आयुष्यभर कॅमेरे बनवलेल्या माणसाला कोणी शिकवू नये. कॅमेऱ्याचा एखादा भाग बिघडला तर फोटोत तेवढा काळा डाग येतो. त्यांना समोर कुठेही काळा डाग दिसत नाही. भिंत अखंड, माणसं अखंड, मोहिते सरसुद्धा अखंड. अर्थात डोळे अखंड. सिद्धता पूर्ण.

केतकीला हे पटलं. पण पटता पटता चटणी आठवली. तिने भाऊसाहेबांना हळूच विचारलं की डोळ्याचा एखादा भाग बंद पडला आणि तरी काळा डाग दिसला नाही, असं होऊ शकतं का.

यंत्रमानवाला आनंद होतो की नाही याबद्दल मतभेद आहेत, पण भाऊसाहेबांचे दिवे नक्कीच उजळले. त्यांनी केतकीच्या वहीचं एक रेघी पान मागून घेतलं. पानाच्या मधोमध एका रेघेवर डावीकडे छोटी फुली काढली, आणि तिच्यापासून चार बोटं अंतरावर, उजवीकडे, वाटाण्याएवढा ठिपका. मग केतकीला सांगितलं: डावा डोळा झाक. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघ, ठिपक्याकडे अजिबात वळू नकोस. आता पान लांबून हळूहळू जवळ आण.

(तुम्हीही आत्ताच करून बघा. गोष्ट कुठे पळून जात नाही.)

पान वीत-सव्वा वीत अंतरावर आलं आणि केतकी ओरडली, "गेला!" ठिपका नाहीसा झाला होता. पान आणखी जवळ आणलं तर परत आला. मागे नेलं, पुन्हा गेला. जणू कागदातच बुडी मारत होता.

"ठिपका गेला त्या जागी काय दिसतंय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

केतकीने नीट पाहिलं. तिथे भोक नव्हतं. काळा डाग नव्हता. तिथे कागदाची रेघ होती, आरपार, अखंड.

आता आजोबांनी पान तिच्या हातातून ओढूनच घेतलं. पुढची काही मिनिटं क्लबात एक शास्त्रज्ञ, एक निवृत्त शिक्षक आणि तीन-चार ज्येष्ठ एक डोळा झाकून कागद मागेपुढे करत होते. बाहेरून कोणी पाहिलं असतं तर वेगळाच समज झाला असता.

भाऊसाहेबांनी कोडं उलगडलं. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं (प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा पातळ पडदा). या पडद्यावरून दहा-बारा लाख बारीक तंतू निघतात आणि त्यांची एक दोरी होऊन मेंदूकडे जाते. तिला दृष्टिचेता म्हणतात. दोरी जिथून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशींना जागाच नाही. तो अंधबिंदू. तो प्रत्येकाला असतो, जन्मापासून. पण मेंदूला रिकामी जागा खपत नाही. बातमी आली नाही की तो आजूबाजूला काय आहे ते बघतो आणि तसंच काहीतरी रंगवून जागा भरून टाकतो. आजूबाजूला रेघ, तर रेघ. पांढरं, तर पांढरं.

"म्हणजे चटणीच्या जागी ताट रंगवतो," केतकी म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आजीकडे. आजी खिडकीबाहेर बघत होती, कारण विजयाच्या वेळी तिला माणसांकडे बघायला आवडत नसे.

आजोबांनी खुर्ची पुढे ओढली आणि वाटीच्या काठावर हनुवटी टेकवली. "लाव रे बाबा," ते म्हणाले. "या वेळी दिसेल तेव्हाच दाबेन."

भाऊसाहेबांनी केतकीला आपल्या पाठीवरच्या पडद्याजवळ बसू दिलं. वाटीत कुठे दिवा लागतोय ते तिथे दिसे. अट एकच होती, आवाज करायचा नाही.

वर दिवा लागला. आजोबांनी दाबलं. उजवीकडे लागला. दाबलं. नुसतं टिक झालं. आजोबा स्वस्थ बसले. केतकीला हायसं वाटलं. मग खाली डावीकडे एक दिवा लागला.

आजोबा तसेच बसून होते.

दिवा विझला आणि त्याच जागी अधिक प्रखर होऊन पुन्हा लागला. केतकीला तो इतका स्वच्छ दिसत होता की आता दाबतील, आत्ता दाबतील असं तिला वाटत राहिलं. आजोबांचा अंगठा बटणावरच होता. चेहरा अगदी शांत, एखादा माणूस बस यायची वाट बघत असावा तसा. आणि बस त्यांच्या समोरून निघून गेली. मग त्याच्या शेजारचा दिवा. मग आणखी एक. केतकीच्या जिभेवर "आजोबा, दाबा" एवढे दोनच शब्द आले होते. ते तिने दातांखाली धरून ठेवले. ते सुटले असते तर हवासायकल मिळाली असती, आणि ही गोष्ट कोणाला कळलीच नसती.

चाचणी संपली. पडद्यावर दृष्टिक्षेत्राचा नकाशा आला. दोन्ही डोळ्यांत खाली डावीकडे ढगासारखा करडा पट्टा होता. उरलेला सगळा प्रदेश लख्ख.

काचबिंदूची शंका आहे, असं भाऊसाहेब म्हणाले. मोतीबिंदू भिंगाचा आजार, काचबिंदू मागच्या दोरीचा. डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं आणि एका बारीक जाळीतून निघून जातं. जाळी नीट वाहिनाशी झाली, सिंकच्या जाळीत चहाचा चोथा अडकावा तशी, की बहुतेक वेळा आत दाब वाढतो आणि दोरीचे तंतू एकेक करून मरतात. दुखत नाही. लाल होत नाही. मधली नजर शेवटपर्यंत उत्तम राहते, म्हणून मुंगीचा पाय दिसतो. कडेचं जातं, आणि जे जातं तिथे मेंदू रंगकाम करतो. माणूस खुशीत असतो, आणि एक दिवस रंगवायला आजूबाजूलाच काही उरत नाही.

"गेलेलं परत येतं?" आजोबांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात शास्त्रज्ञ जागा झाला होता.

"नाही. पण उरलेलं बहुतेक वेळा वाचवता येतं. म्हणून तर काही होत नसताना तपासायचं."

शिवाय आपण म्हणजे फक्त चाळणी आहोत, असंही भाऊसाहेबांनी सांगितलं. चाळणीत कधी चांगला दाणाही अडकतो. म्हणून अडकला तो खडाच असं धरून घाबरायचं नसतं. तो हातावर घेऊन नीट बघायचा असतो. ते काम डॉक्टरांचं. आणि चाळणीतून कधी एखादा खडा निसटूनही जातो, म्हणून एकदाच चाळून भागत नाही, दरवर्षी चाळावं लागतं. मोहिते सरांनी नकळत खिशातला कागद काढला आणि हे लिहून घेतलं. नंतर त्यांच्या लक्षात आलं की यातून प्रश्न काढता येणार नाही, आणि ते खिन्न झाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाब मोजला, दृष्टिचेतेची छायाचित्रं घेतली आणि सांगितलं की खडाच आहे, पण वेळेत सापडलाय. रोज रात्री प्रत्येक डोळ्यात एक थेंब. मात्र हवासायकल चालवणं बंद. डावीकडून येणारी घार चटणीसारखी ताट फिरवून दाखवता येत नाही.

घरी येताना केतकीला दोन्ही गोष्टी एकदम वाटत होत्या. आजोबांचे डोळे वाचले याचा आनंद, आणि वर्गात आता काय सांगायचं याची चिंता. दुसरी गोष्ट वाटल्याची तिला लाज वाटली, पण वाटायची ती वाटलीच.

वाढदिवसाच्या सकाळी आजोबांनी स्वतःच सायकल मैदानात आणली. आजी मागून हेल्मेट घालत आली आणि सरळ पुढच्या जागेवर बसली. केतकी बघतच राहिली. तिने विचारलं, तुला येतं? आजी म्हणाली की परवाना दोघांनी एकाच दिवशी काढला होता, आणि दरवर्षीच्या तपासणीमुळे तिचा आजतागायत चालू आहे.

"मग तू कधी चालवली का नाहीस?"

"पुढची जागा कधी रिकामी होती?" आजी म्हणाली. "बस. पट्टा लाव."

पंखे घुमले. पायाखालची जमीन ढकलल्यासारखी खाली गेली. नारळाची झाडं, गच्च्यांवरच्या टाक्या, आयर्विन पूल, सगळं खेळण्याएवढं झालं. कृष्णा उन्हात वळसा घेत हरिपूरकडे निघाली होती, आणि पुढे वारणा येऊन तिला मिळत होती. केतकीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे पाहिलं. कडेला इतकं जग असतं हे तिच्या आधी कधी लक्षात आलं नव्हतं. खाली मैदानात आजोबा हात हलवत होते. भाऊसाहेबांनी शिकवल्याप्रमाणे मान मुद्दाम डावीकडे वळवून, सायकल दिसेनाशी होईपर्यंत.

सहा महिन्यांनी आजोबा पुन्हा वाटीपुढे बसले. केतकी पुन्हा पडद्याजवळ. खाली डावीकडे दिवे लागले, आजोबा स्वस्थ राहिले. पण बाकी सगळीकडे, अगदी त्या करड्या ढगाच्या काठावरसुद्धा, अंगठा वेळेवर खाली गेला. भाऊसाहेबांनी जुना नकाशा आणि नवा नकाशा एकावर एक ठेवले. ढग तेवढाच होता. एक ठिपकाही पुढे सरकला नव्हता.

आजोबांनी त्या संध्याकाळी सदाफुलीत घरोघर पेढे वाटले. हल्ली ते एक नवं भिंग घडवत होते. डाव्या कडेचं दृश्य उचलून, जिथे अजून दिसतं तिथे आणून ठेवणारं. ते जमलंय म्हणूनच पेढे, असं सगळ्यांना वाटलं. मोहिते सरांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, "काय, झालं वाटतं भिंग?"

"नाही. ते अजून तिरकंच दाखवतंय. वर्षभर तरी लागेल."

"मग परवाना मिळाला?"

"नाही."

"अहो, मग झालंय काय?"

"काहीच झालं नाही," केतकी म्हणाली, आणि सरांच्या हातावर दुसरा पेढा ठेवला.